चेकडिस्क दर दोन दिवसांनी परत येते, तेव्हा बिघडवतंय कोण?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. घरचा असेंबल केलेला डेस्कटॉप, साडेचार वर्षं जुना. विंडोज १० एसएसडीवर, तो सी ड्राइव्ह. डी ड्राइव्ह म्हणजे एक टीबीची साधी हार्डडिस्क. महिनाभर झाला, आठवड्यातून तीन-चारदा सकाळी मशीन चालू केलं की ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह डी’ येतं. चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची कमांड, स्लॅश आर लावून तीनदा चालवलीत, शेवटच्या वेळी अकरा तास लागले, दर वेळी ‘दुरुस्ती केली’ असा निरोप आला आणि दोन दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. भाचा म्हणतो रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमधून, तपासणीच बंद करू. डीवर मुलीचे लहानपणापासूनचे फोटो आहेत आणि त्यांची दुसरी प्रत नाही.

तुम्ही विचारलंत, ‘ही चेकडिस्क कायमची कशी थांबवायची?’ मी प्रश्न जरा फिरवून घेतो. चेकडिस्क दर वेळी काहीतरी दुरुस्त करते आणि ते पुन्हा बिघडतं, तर ते बिघडवतंय कोण? याचं उत्तर मिळालं की ती आपोआप थांबेल. तो निरोप नुसता बंद केला, तर बिघाड चालूच राहील, फक्त तुम्हाला दिसणार नाही.

पण त्याच्याही आधी एक काम आहे: फोटो. आज घरी गेलात की चेकडिस्क चालवू नका, विशेषतः स्लॅश आर. का ते खाली सांगतो, पण वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी ऐका.

मी सांगली-मिरज भागात वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय. गिऱ्हाइकाला चेकडिस्क समजावताना मी सातबारा मधे आणतो, कारण तो आमच्याकडे सगळ्यांना कळतो. हार्डडिस्क म्हणजे जमीन. तुमच्या फायली म्हणजे त्या जमिनीतले प्लॉट. कुठला प्लॉट कोणाचा, किती क्षेत्राचा, कुठून कुठपर्यंत, याची नोंद एका दप्तरात असते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत या दप्तराला मास्टर फाइल टेबल म्हणतात. चेकडिस्क म्हणजे तलाठी. स्लॅश एफ दिलं की तो कचेरीत बसून दप्तर जुळवतो: हा गट दोघांच्या नावावर लागलाय, याचं नाव आहे पण जमीन नाही, त्याची जमीन आहे पण नाव नाही. शेतावर तो जात नाही. स्लॅश आर दिलं की दप्तर जुळवून झाल्यावर तो मोजणीला निघतो आणि डिस्कवरचा प्रत्येक तुकडा वाचून बघतो. जो तुकडा वाचता येत नाही तो ‘पडीक’ म्हणून लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला द्यायचा नाही.

आता शेत नदीकाठी असेल आणि नदी रोज हातभर जमीन खात असेल, तर तलाठ्याने सातबारा कितीही वेळा दुरुस्त करू द्या, उद्या तो पुन्हा चुकीचाच ठरणार. तुमच्याकडे बहुतेक हेच चाललंय. मात्र नदी कुठली, हे मला इथे बसून सांगता येत नाही. डिस्क स्वतः मरत असेल, केबल असेल, वीज असेल, रॅम असेल, नाहीतर मशीन बंद करायची घरातली सवय असेल. पाचही मी पाहिलीत.

तुमच्या वर्णनात दोन खुणा आहेत, त्यावरून माझा कल कुठे आहे ते सांगतो. पहिली खूण अकरा तास. एक टीबीची साधी हार्डडिस्क सेकंदाला सरासरी शंभर एमबीने वाचते असं धरलं, तरी सगळी डिस्क वाचायला पावणेतीन तास लागतात. लाखभर बारीकसारीक फायली असतील तर पाच-सहा तासही लागू शकतात, ते मी धरून चालतो. पण अकरा? निरोगी डिस्कला सहसा लागत नाहीत. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा बारीक तुकडा, वाचता येत नसेल, तर डिस्क त्याच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते. एकेका जागेवर कित्येक सेकंद जातात, आणि अशा जागा शेकड्यांनी असल्या की रात्र उलटते.

दुसरी खूण म्हणजे तक्रार फक्त डीची आहे, सीची नाही. रॅम किंवा मदरबोर्ड बिघडलेला असता, तर सीवरही काहीतरी दिसलं असतं: निळा स्क्रीन, इन्स्टॉल करताना करप्ट फायली, सीची चेकडिस्क. एकाच डिस्कवर त्रास असेल तर संशय आधी त्या डिस्कवर, मग तिच्या केबलवर. दोन्ही ड्राइव्हवर त्रास असेल तर संशय दोघांना सामाईक असलेल्या गोष्टींवर, म्हणजे रॅम, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड. हा ठोकताळा आहे, पण मला बऱ्याचदा उपयोगी पडलाय.

आता स्लॅश आर का नको म्हणालो ते. आजारी डिस्कला ‘तुझा प्रत्येक कोपरा वाचून दाखव’ म्हणणं म्हणजे दम लागलेल्या माणसाला सज्जनगडाच्या पायऱ्या चढायला लावणं. तुमचे फोटो डिस्कच्या दहा टक्क्यांत असतील, पण स्लॅश आर मोकळ्या जागेसकट शंभर टक्के फिरून येते. डिस्कमध्ये जेवढा जीव उरलाय तो फोटो काढून घेण्यात खर्च व्हायला हवा, मोकळी जागा मोजण्यात नव्हे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चेकडिस्कचं इमान फाइल सिस्टिमशी असतं, तुमच्या फोटोंशी नसतं. एखादी नोंद वाचता आली नाही, तर दप्तर सुसंगत व्हावं म्हणून ती नोंद उडवायला तिला काही वाटत नाही. मग बेवारस झालेले तुकडे ‘फाउंड डॉट ००० ’ अशा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये, नावगाव गेलेल्या सीएचके फायली होऊन पडतात. लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फायली दाखवायची सेटिंग चालू करून डीच्या मुळाशी असे फोल्डर आहेत का ते बघा. असले तर काढू नका. काही फोटो त्यातच असू शकतात, आणि नुसतं एक्स्टेन्शन बदलून जेपीजी केल्यावर उघडलेलेही मी पाहिलेत.

इथे तुमचा भाचा अर्धा बरोबर आहे. तपासणी कायमची बंद करणं चूक, पण फोटो निघेपर्यंत ती पुढे ढकलणं शहाणपणाचं. त्यासाठी रजिस्ट्रीत हात घालायची गरज नाही. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा आणि सीएचकेएनटीएफएस, मग स्लॅश एक्स, मग डी कोलन अशी कमांड द्या. अक्षरं अर्थातच इंग्रजीत. सुरू होताना डी तपासायचा नाही, एवढंच ती सांगते. काम झाल्यावर त्याच कमांडला फक्त स्लॅश डी लावलं की सगळं मूळपदावर येतं. हे विसरू नका, नाहीतर दोन वर्षांनी तुम्हीच विचाराल की चेकडिस्क का येत नाही.

फोटो काढताना पूर्ण डी सिलेक्ट करून कॉपी-पेस्ट मारू नका. विंडोज मधेच एका वाचता न येणाऱ्या फाइलवर अडकतं आणि मग काय गेलं, काय राहिलं, हिशोब लागत नाही. ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही ते आधी: फोटो, लग्नाचा व्हिडिओ, सातबारा-दाखल्यांचे स्कॅन, टॅलीचा डेटा. एकेक वर्षाचा फोल्डर घ्या. सिनेमे आणि गाणी शेवटी, किंवा राहू द्या. दुसऱ्या चांगल्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कवर नवीन पार्टिशन पाडून तिथे ठेवणारे लोक मला भेटलेत, म्हणून सांगतोय.

रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची कमांड वापरता येत असेल तर उत्तम, पण एक खोच लक्षात ठेवा. एखादी फाइल वाचता आली नाही तर ती न सांगता दहा लाख वेळा प्रयत्न करते, दोन प्रयत्नांत तीस सेकंद थांबून. हिशोब केलात तर नुसत्या थांबण्यातच जवळजवळ वर्ष जातं. म्हणून कमांडच्या शेवटी स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ द्यायचं. हा ‘आर’ वेगळा, चेकडिस्कचा नव्हे.

कॉपी करताना डिस्कमधून टक्-टक् असा लयीत आवाज येऊ लागला, किंवा डी मधेच नाहीसा होऊन परत दिसू लागला, तर तिथेच थांबा. मशीन बंद करा. त्यापुढचा प्रत्येक मिनिट महागात पडू शकतो. अशा वेळी आम्ही लिनक्सवरून डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतो. तो आधी सोपा भाग उचलतो, अवघड जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. हातात काहीतरी लागेल याची खात्री त्यामुळे वाढते. तेही जमलं नाही तर डेटा रिकव्हरीची स्वच्छ खोली असलेली लॅब. डिस्क उघडून बघणं, हातोडीने टिचकी मारणं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवणं हे प्रयोग नकोत. फ्रीजरमधून काढल्यावर आत दव धरतं आणि मग लॅबही हात टेकते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरात शिरलं, तेव्हा भिजलेल्या डिस्क लोकांनी उन्हात वाळवून लगेच चालू केल्या. ज्यांनी चालू न करता आणल्या त्यांचं नशीब जरा बरं होतं.

समजा फोटो निघाले. नुसते निघाले म्हणून चालत नाही, दुसऱ्या मशीनवर पाच-पन्नास उघडून बघा. नाव बरोबर आणि चित्र अर्धं राखाडी असं होतं. मग शांतपणे तपासाला बसायचं.

पहिला पुरावा तुमच्या मशीनमध्येच आहे आणि तो कोणी वाचत नाही. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा. विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन उघडा आणि सोर्सच्या रकान्यात विनइनिट किंवा चेकडिस्क शोधा. सकाळी स्क्रीनवर सरकून गेलेला अख्खा अहवाल तिथे असतो. त्यात शेवटी शेवटी एक ओळ असते, अमुक केबी ‘इन बॅड सेक्टर्स’. तो आकडा शून्य असेल तर एक गोष्ट, शून्य नसेल आणि तिन्ही अहवालांत वाढत गेला असेल तर दुसरी. तीन वेळा चालवल्याचा निदान एवढा तरी फायदा झाला, तुलनेला तीन अहवाल आहेत.

त्याच अहवालात ‘क्लीनिंग अप’ करून कितीतरी ‘अनयूज्ड इंडेक्स एन्ट्रीज’ आणि सिक्युरिटी डिस्क्रिप्टर काढल्याच्या ओळी दिसतील. त्यांना घाबरू नका. तो केरवारा आहे, निरोगी मशीनवरही निघतो. तसंच, स्लॅश काहीही न देता चालू ड्राइव्हवर चेकडिस्क चालवली आणि तिने चुका दाखवल्या, तर त्यावरही लगेच विश्वास ठेवू नका. त्या वेळी विंडोज त्याच ड्राइव्हवर लिहीत असतं. मोजणी चालू असताना कोणी बांध हलवत असेल तर मोजणीचं काय होणार?

मग विंडोज लॉग्जमध्येच सिस्टिम उघडा. सोर्स ‘डिस्क’ आणि नंबर ७ म्हणजे वाचता न येणारा ब्लॉक लागला. नंबर १५३ म्हणजे वाचायला-लिहायला गेलं, जमलं नाही, पुन्हा प्रयत्न केला. सोर्स ‘एनटीएफएस’ आणि नंबर ५५ म्हणजे दप्तरच विस्कटलंय. एकटा ५५ दिसला, तर कारण डिस्कच्या बाहेर असण्याची शक्यता मी जास्त धरतो. ५५ च्या आगेमागे ७ ची रांग असली, तर डिस्कवर बोट ठेवायला मला फार विचार करावा लागत नाही.

दुसरा पुरावा डिस्क स्वतः देते. प्रत्येक डिस्क स्मार्ट नावाची स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम ती दाखवतो. निळं ‘गुड’, पिवळं ‘कॉशन’, लाल ‘बॅड’. रंगावर जाऊ नका, चार ओळी बघा. त्याआधी फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचर, त्यात रॉ व्हॅल्यूज, तिथे दशमान निवडा. नाहीतर आकडे सोळाच्या पाढ्यात दिसतात आणि १० म्हणजे सोळा हे तुमच्या लक्षात येत नाही.

०५ या ओळीत आजवर किती सेक्टर बाद करून राखीव जागेत हलवले ते दिसतं. सी५ मध्ये सध्या वाचता येत नाहीत आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत आहेत असे किती. सी६ मध्ये डिस्कने स्वतः तपासताना न वाचता आलेले. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या बोलण्यात किती वेळा अक्षर चुकलं. पहिल्या तिन्ही ओळी जमिनीबद्दल सांगतात, चौथी रस्त्याबद्दल.

सी५ मध्ये आकडा असेल आणि आठवड्यात वाढत असेल, तर डिस्क गेली. दोन महिने चालेल की दोन वर्षं, मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. पण फोटो ठेवायच्या लायकीची ती राहिली नाही. ०५ मध्ये आठ-दहा आकडा असेल आणि वर्षभर तेवढाच असेल, तर मी घाबरत नाही. माझ्या स्वतःच्या टेबलावर अशी एक डिस्क गाण्यांसाठी आहे. फरक आकड्यात नाही, तो हलतोय का यात आहे. कागदावर तारीख घालून लिहून ठेवा. आणखी एक: सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत कोट्यवधींचे आकडे दिसतात. ते त्यांच्या मोजण्याच्या पद्धतीमुळे. त्यावरून चांगली डिस्क फेकून दिलेले लोक आहेत.

आता सी७. ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य आणि सी७ मध्ये काही शे, असं दिसलं तर मला आनंद होतो, कारण शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी साटा केबल बदला. शक्यतो दोन्ही टोकांना पत्र्याची क्लिप असलेली घ्या, आणि मदरबोर्डवर दुसऱ्या पोर्टात लावा. सी७ चा आकडा परत शून्य होत नाही, म्हणून केबल बदलल्यावरही तो तसाच दिसेल. नंतर वाढतो का, एवढंच बघायचं. पावसाळ्यानंतर अशा केसेस माझ्याकडे जास्त येतात: दमट हवेत पिनांवर थर धरतो, त्यात धूळ. कॅबिनेट उघडलंच आहे तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका आणि परत बसवा. वायर काढून मगच, हे वेगळं सांगायला नको. आणि एसएमपीएसच्या जाळीतून पाल दिसली तर हसू नका, मी तीन काढल्यात.

तुमच्या बाबतीत अकरा तासांमुळे माझा कल सी५ कडे आहे, हे मी कबूल करतो. पण खराब केबलनेही वाचन वारंवार अडखळून तेवढाच वेळ लागू शकतो. म्हणून आकडे बघितल्याशिवाय नवीन डिस्क घ्यायला सांगत नाही.

स्मार्टच्या चारही ओळी स्वच्छ निघाल्या तर? मग नदी दुसरीकडे आहे. इथे मला मिरजेतलं एका निवृत्त शिक्षकांचं घर आठवतं. त्यांनी माझ्याकडे येण्याआधी दोन डिस्क बदलल्या होत्या, आणि नव्या डिस्कवरही आठवड्यात चेकडिस्क. मशीन दुकानात आणलं की आठ-आठ दिवस काही होत नसे. शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन बसलो, चहा घेतला आणि म्हणालो, ‘सर, रोज करता तसं बंद करा.’ त्यांनी शट डाऊन दाबलं, स्क्रीन काळी झाली, आणि त्याच क्षणी त्यांचा हात भिंतीवरच्या बोर्डाकडे गेला. कॅबिनेटमधला पंखा अजून फिरत होता. वीज वाचवायची तीस वर्षांची सवय.

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शट डाऊन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा एका फाइलमध्ये लिहून ठेवला जातो, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. स्क्रीन आधी जाते, लिहिणं नंतर संपतं. त्या मधल्या दहा-पंधरा सेकंदांत बोर्ड बंद केला की डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत असलेलं लिखाण हवेत जातं. एनटीएफएसची स्वतःची रोजनिशी असते, त्यामुळे एखाद्या वेळी वीज गेली म्हणून लगेच काही होत नाही, ती सावरून घेते. पण रोजच तिचा हात धरायचा म्हटलं तर कधीतरी चुकणारच. त्या सरांच्या मशीनवर मी पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढली आणि एक नियम सांगितला: पंखा थांबल्यावर बोर्ड. डिस्क तीच राहिली, चेकडिस्क गेली.

फास्ट स्टार्टअपचा दुसरा त्रास म्हणजे त्याच मशीनवर विंडोजशिवाय उबुंटू वगैरे दुसरी सिस्टिम असणं. विंडोज झोपलेलं असताना उबुंटूने डीवर काही लिहिलं, तर सकाळी उठलेल्या विंडोजच्या डोक्यातलं दप्तर आणि डिस्कवरचं दप्तर जुळत नाही. तुमच्याकडे दुसरी सिस्टिम आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती डिस्क काढून कोणाच्या मशीनला लावता का, तेही सांगा. उत्तर त्यावर फिरू शकतं.

विजेचं म्हणाल तर यूपीएस आहे असं सगळे सांगतात. बॅटरी केव्हा बदलली विचारलं की शांतता. दोन-तीन वर्षांत ती बॅटरी गेलेली असते आणि यूपीएस नुसता एक जड स्पाइक बस्टर होऊन राहतो. मॉनिटरवर काही महत्त्वाचं उघडं नसताना भिंतीवरचं बटण बंद करून बघा. मशीन लगेच गेलं तर उत्तर मिळालं. ही परीक्षा फोटो काढून झाल्यावरच घ्यायची.

रॅम मी शेवटी ठेवली कारण तुमच्या खुणा तिच्याकडे जात नाहीत. पण दुसऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून सांगतो. चेकडिस्कने दर वेळी वेगळ्याच फायलींवर वेगळ्याच चुका काढल्या, झिप फायली उघडताना करप्ट निघाल्या आणि स्मार्ट स्वच्छ असलं, तर रॅम तपासा. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही लाल ओळ चालत नाही. खराब रॅममधून चेकडिस्क चालवणं म्हणजे मोतीबिंदू झालेल्या तलाठ्याकडून फेरफार करून घेणं: त्याने केलेली दुरुस्तीच नवीन चूक असते.

आता दुकानदाराचा सल्ला. फॉरमॅट हे उत्तर असू शकतं, पण फोटो निघाल्यावर आणि कारण कळल्यावर. आणि करायचं तर क्विक फॉरमॅट नको. क्विकमध्ये नुसतं दप्तर कोरं होतं, जमीन तशीच. पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्य लिहीत जातं. सी५ मधले संशयित सेक्टर तेव्हा निकाली निघतात: लिहिता आलं तर परत कामावर, नाही तर राखीव जागेत बदली. म्हणून फॉरमॅटनंतर सी५ शून्य दिसतो आणि डिस्क ‘रिपेअर’ झाली असं वाटतं. ‘लो लेव्हल फॉरमॅट करून देतो’ म्हणून पैसे घेतात तेही बहुतेक हेच असतं. महिनाभर तिच्यावर बिनमहत्त्वाचं काहीतरी ठेवून ०५ आणि सी५ पुन्हा बघा. हलले नाहीत तर सिनेमांसाठी वापरा. हलले तर नाद सोडा. डिस्क वॉरंटीत आहे का, ते तिच्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून कळतं. साडेचार वर्षं झाली म्हणजे बहुधा संपली असेल, पण बघायला काय जातं.

नवीन डिस्क घेतलीत तर एक गंमत आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा प्रश्न विचारावा लागणार नाही. जुन्या डिस्कवरून क्लोन, म्हणजे जशीच्या तशी प्रत, केलं तर जुन्या दप्तरातली ‘पडीक’ जमिनीची यादीही नव्या डिस्कवर जाते. मग कोऱ्या करकरीत डिस्कवर चेकडिस्क म्हणते, अमुक केबी बॅड सेक्टर्स. गिऱ्हाईक डिस्क घेऊन भांडायला येतं. अशा वेळी चेकडिस्क स्लॅश बी द्यायचं. ती जुन्या पडीक नोंदी पुन्हा तपासून काढून टाकते. हीच एक वेळ, जेव्हा लांबलचक चेकडिस्क मी स्वतःहून चालवायला सांगतो. तुमच्या बाबतीत मात्र क्लोन करूच नका. डीवर विंडोज नाही, नुसत्या फायली आहेत. नव्या डिस्कवर त्या साध्या कॉपी करा, जुनं विस्कटलेलं दप्तर कशाला बरोबर न्यायचं.

एसएसडीवाल्या सी ड्राइव्हवर स्लॅश आर चालवायची हौस कोणी करू नये, हेही जाता जाता. एसएसडी आतल्या आत जागा फिरवत असते, विंडोजने ‘हा तुकडा पडीक’ म्हणून खूण केली तरी तो तुकडा उद्या भलतीकडेच असतो. आणि डिसेंबर २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर काही मशीनवर चेकडिस्क स्लॅश एफनेच फाइल सिस्टिम बिघडून मशीन उठेना, असंही झालं होतं. मायक्रोसॉफ्टने ते लगेच दुरुस्त केलं. पण तेव्हापासून दुसरी प्रत असल्याशिवाय मी कोणाच्याही मशीनवर स्लॅश एफ सुद्धा मारत नाही.

तर फोटो निघाले की मला एवढं कळवा: ०५, सी५, सी६ आणि सी७ चे आकडे, आज आणि आठ दिवसांनी. तिन्ही अहवालांतली बॅड सेक्टर्सची ओळ. सिस्टिम लॉगमध्ये ७, ५५, १५३ यांतलं काय आणि साधारण कधीपासून. आणि घरात मशीन बंद कोण करतं, कसं करतं. शेवटचं विचारताना घरच्यांवर आरोप केल्यासारखं वाटू देऊ नका. मिरजेच्या बाई अजून मला चहा देताना म्हणतात, ‘बघा हो, दोन डिस्कचे पैसे आमच्या सरांच्या बोटामुळे गेले.’